तीन महिन्यांनी या

शेवटच्या शेकाच्या दिवशी मी पेढे घेऊन गेले होते. रेडिएशनला आमच्या वॉर्डात सगळे शेकच म्हणायचे, मलाही तोच शब्द चिकटला. मशीनवरच्या मुलाने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "झालं मावशी, उद्यापासून यायचं नाही." ओपीडीत डॉक्टरांनी फाईलवर दोन ओळी लिहिल्या. "सगळं छान आहे. आता तीन महिन्यांनी या. काळजी घ्या."

काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मी विचारलं नाही. दाराबाहेर चाळीसेक माणसं फायली पोटाशी धरून उभी होती. त्यांतली कितीतरी रात्रीच्या गाडीने आलेली. अशा वेळी दोन मिनिटं जास्त घ्यायलाही जीव धजत नाही.

एक ऑपरेशन, आठ केमो, पंधरा शेक. त्या सगळ्या काळात दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारणारं होतं. जेवलात का, उलटी झाली का, ताप मोजला का. वजनकाट्यावरची सिस्टरसुद्धा मला नावाने ओळखायची. त्या दिवशी ठाणे स्लोने भांडुपला परतताना खरं तर मला हलकं वाटायला हवं होतं. पण कुर्ला गेलं, घाटकोपर गेलं, तरी डोक्यात एकच हिशोब चालू होता. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस, आणि या नव्वद दिवसांत काही झालं तर विचारायचं कुणाला?

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये माझ्या डाव्या काखेतल्या गाठीही काढल्या होत्या, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या ग्रंथी. त्या काढल्या की हातातलं पाणी वर चढायची वाट अरुंद होते आणि हात सुजू शकतो. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा सिस्टरने सांगितलेली यादी तेवढी पाठ होती: या हाताने वजन उचलायचं नाही, या हाताला सुई टोचू द्यायची नाही, कापू-भाजू द्यायचं नाही. सोबत एक इंग्रजी पुस्तिका मिळाली होती. मी बँकेत नोकरी करते, इंग्रजी वाचता येतं, पण त्या पुस्तिकेतली बाई ज्या घरात राहत होती तसलं घर काही माझं नव्हतं. शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडच्या एक ताई होत्या. त्यांनी ती पुस्तिका औषधांच्या पिशवीत तळाला नीट घडी घालून ठेवली होती. दवाखान्याचा कागद आहे, टाकू नये म्हणून.

मग मी काय केलं, तर तो हात पाहुण्यासारखा सांभाळला. त्याला काही काम सांगितलं नाही. कणीक मळायची ती उजव्याने, पिशवी धरायची ती उजव्याने, लोकलमध्ये वरची कडी धरायची तीही उजव्याने. चार महिन्यांत डावा खांदा असा आखडला की दोरीवर कपडे वाळत घालताना हात कानाच्या वर जाईना. पुतण्याच्या लग्नात चुडा भरायला बांगडीवाली घरी आली. उजव्या हातात सव्वादोनची बांगडी सहज चढली. डाव्या हाताशी तिने साबण लावून, अंगठा तळहातात दाबून दोन वेळा प्रयत्न केला, मग काही न बोलता अडीचचा डझन काढला. दोन्ही हात शेजारी ठेवून मी बघितले. डाव्या मनगटावरचं हाड दिसतच नव्हतं.

तोवर माझी तीन महिन्यांची एक तारीख होऊनही गेली होती. डॉक्टरांनी छाती तपासली, रिपोर्ट पाहिले, सगळं छान होतं. हाताचं मी काही बोललेच नाही. हात म्हणजे काही कॅन्सर नव्हे, त्यासाठी एवढ्या मोठ्या डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा, असं मला मनापासून वाटलं होतं.

त्या वर्षी भाद्रपदात कोळंबी साफ करताना डाव्या अंगठ्याला काटा लागला. रात्री हुडहुडी भरली. सकाळी मनगटापासून कोपरापर्यंत हात लाल, तापलेल्या तव्यासारखा. तो सोमवार होता आणि माझी पुढची तारीख गुरुवारची होती. तारखेआधी गेलं तर घेतील का, फाईल निघेल का, परत पाठवलं तर? तापाची गोळी घेत मी गुरुवारपर्यंत थांबले. सहा दिवस ॲडमिट राहून शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागलं. सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखाली पसरलेला जंतुसंसर्ग, असा शब्द फाईलवर आला. तरुण डॉक्टर रागावून म्हणाले, "तीन दिवस काय करत होतात?" त्यांचा राग काळजीपोटीच होता. पण मला रडू कोसळलं ते वेगळ्या कारणाने. हा हात लाल झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी यायचं, हे एक वाक्य मला वर्षभरात कुणीच सांगितलं नव्हतं.

त्या इस्पितळाबद्दल माझी तक्रार नाही, माझा जीव तिथेच वाचला. पण हे एक वाक्य राहून जातं कसं, याचा मी पुढे फार विचार केला. बहुतेक इस्पितळांत ते असंच राहून जातं, हेही नंतर कळलं.

अमेरिकेत फिट्झह्यू मलन नावाचे एक डॉक्टर होते. बत्तिसाव्या वर्षी त्यांना स्वतःलाच छातीत कॅन्सर निघाला. १९८५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांनी आपला अनुभव लिहिला. त्यात अशा अर्थाचं एक निरीक्षण आहे की बुडणाऱ्याला पाण्याबाहेर ओढायची विद्या आपण कमावली, पण एकदा धक्क्यावर आणून ठेवलं की त्याला तिथेच खोकत, ठसकत एकटं सोडून देतो आणि आपलं काम झालं असं समजतो. हे वाचलं तेव्हा मी भांडुप स्टेशनच्या बाकावर बसले होते. दोन गाड्या सोडल्या.

इंग्रजीत अशा माणसाला सर्व्हायव्हर म्हणतात. आपण 'कॅन्सरमुक्त' म्हणतो. तो शब्द मला पटत नाही, कारण मुक्त झाल्यासारखं काहीच नसतं. रोजची गोळी पाच-दहा वर्षं असते, सांधे धरतात, केमोने बधिर झालेल्या तळपायांना चप्पल निसटल्याचं कळत नाही. आमच्या आजीच्या तोंडी याहून बरा शब्द होता. ती म्हणायची, "मोठ्या दुखण्यातून उठलीय ती." दुखण्यातून उठणं. आणि उठणाऱ्याला हात द्यावाच लागतो, हे त्या शब्दातच आलं.

या बाबतीत मुंबईला कुणी काही शिकवावं अशी स्थिती नाही. परळला टाटा मेमोरियल उघडलं २८ फेब्रुवारी १९४१ ला. देशभरातून माणसं तिथे येऊ लागली आणि या शहराने इस्पितळाच्या भिंतीबाहेर जणू आणखी एक इस्पितळ उभं केलं. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीत ज्यांनी महिने काढले त्यांना विचारा. डॉ. जसावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. मुंबईतल्या कॅन्सर रुग्णांची नोंदवही याच सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केली, देशातली तशी ती पहिली. १९६९ पासून कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आहे. १९९४ मध्ये वंदना गुप्ता यांनी, स्वतः या आजारातून उठल्यावर, व्ही केअर सुरू केलं. ज्यांनी स्वतः भोगलंय अशी माणसं खाटेशी येऊन बसतात, हे किती मोलाचं असतं ते त्या खाटेवर पडल्याशिवाय कळायचं नाही.

मुलांच्या बाबतीत तर उपचारानंतरचा विचारही इथेच लवकर झाला. टाटामध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ साली खास उपचार संपलेल्या मुलांसाठी क्लिनिक सुरू केलं. वाढ नीट होते का, हृदयावर औषधांचा परिणाम राहिला का, शाळा कशी चालली आहे, हे सगळं तिथे वर्षानुवर्षं पाहिलं जातं. लहानपणी बरी झालेली अशीच मुलं मोठी होऊन एकत्र आली आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने त्यांनी आपला गट केला. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'उगम'. किती योग्य नाव आहे ते.

मोठ्यांचं मात्र बरंचसं अजून परळच्या आसपासच फिरतं. उपचार चालू असताना ते ठीक आहे, माणूस तिथेच असतो. नंतर तो भांडुपला, विरारला, बदलापूरला जातो. स्वयंपाकघरात, गाडीच्या गर्दीत, नळाच्या रांगेत जातो. हात सुजतो तो तिथे. तोंड उघडेनासं होतं ते तिथे, जेवणाच्या ताटावर.

त्या सहा दिवसांनंतर डिस्चार्ज मिळाला तेव्हा इस्पितळातल्या समाजसेविका बाई खाली गेटपर्यंत आल्या. केसपेपरच्या मागे एक पत्ता लिहून म्हणाल्या, "भांडुपलाच राहता ना? शनिवारी दुपारी इथे जा. आपलीच माणसं आहेत."

दुसरा आणि चौथा शनिवार मला सुट्टी असते. गेले. टेकडीच्या पायथ्याशी एका गणेशोत्सव मंडळाची खोली. भिंतीला टेकवलेला कॅरम, गणपतीचे वर्षावर्षांचे फोटो, सतरंजी, आणि कोपऱ्यात हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी. बारा-तेरा माणसं होती. कुणी ओळख विचारली नाही. एका वहिनींनी माझा डावा हात आपल्या मांडीवर घेतला, पेटीतून शिंप्याची टेप काढली आणि बॉलपेनाने मनगटावर एक खूण केली. तिथून वर दर दहा सेंटिमीटरला एक. प्रत्येक खुणेशी टेप गुंडाळायची, आवळायची नाही, नुसती टेकवायची. मग तसंच उजव्या हाताला. आकडे वहीत. दोन हातांत दोन सेंटिमीटरचा फरक दिसला तर फिजिओला फोन. माझा फरक कोपराखाली साडेतीन होता.

त्या वहिनींना दुखण्यातून उठून तेव्हा आठ वर्षं झाली होती. त्यांनीच मला हाताचं मालिश दाखवलं. मी जोराने चोळायला लागले तर म्हणाल्या, "अगं, तेल जिरवायचं नाहीये. झोपलेल्या बाळाच्या अंगावरून हात फिरवतेस ना, तेवढंच. आधी मानेशी, मग पलीकडच्या काखेशी वाट मोकळी कर. पाणी त्या वाटेने गेलं पाहिजे." हे वाक्य त्या पुस्तिकेतही असणार, इंग्रजीत. मला ते कळलं वहिनींच्या बोटांनी.

फिजिओ ताई महिन्याच्या दर दुसऱ्या शनिवारी इस्पितळातून यायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, या हाताने काय उचलता? काहीच नाही, म्हटलं, मोठ्या शहाणपणाने. त्या म्हणाल्या, "मग आजपासून उचला." मी घाबरले. त्यांनी शांतपणे सांगितलं की २००९ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरीन श्मिट्झ यांनी हात आधीच सुजलेल्या १४१ बायकांवर अभ्यास केला. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजन उचलायला शिकवलं, अगदी हळूहळू वाढवत, हाताला घट्ट बाही घालून. त्यांची सूज काही वाढली नाही. उलट मध्येच हात भडकण्याचे प्रकार त्यांच्यात कमी झाले. आयुष्यभर वजन उचलू नका ही जुनी शिकवण, आता ती तशी राहिलेली नाही. मी अर्ध्या किलोच्या साखरेच्या पुडीपासून सुरुवात केली. पुढल्या उन्हाळ्यात पाच किलोची पिठाची पिशवी दुकानातून घरापर्यंत डाव्या हातात आणली. दुकानदाराला काय कल्पना असणार? त्याने नेहमीसारखी कोथिंबिरीची जुडी वर टाकली.

पेटीत टेपेशेजारी रबराने बांधलेल्या लाकडी काड्या असतात, आइस्क्रीमच्या असतात तशा चपट्या. त्या एका काकांच्या. बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, तंबाखूने गाल गेला, ऑपरेशन आणि शेक झाले. शेकाने जबड्याचे स्नायू आखडतात आणि तोंड दिवसेंदिवस मिटत जातं. निरोगी माणसाचं तोंड आपलीच तीन बोटं उभी आत जातील एवढं उघडतं. काकांचं एक बोट जेमतेम जायचं. दातांच्या फटीत काड्यांची चळत सरकवायची, ताण धरायचा, सोडायचा, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि तोंडाने साथ दिली की चळतीत मधोमध आणखी एक काडी खुपसायची. मी आले तेव्हा काका ११ काड्यांवर होते. एकेका काडीला दोन-दोन आठवडे लागायचे, कधी एखादी मागेही यायची. त्यांचं ध्येय त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: वडापाव. काकू तेव्हा त्यांना पाव वरणात कालवून द्यायच्या. शिवाजी पार्कच्या वळणावर तीस वर्षं गाडी घातलेला माणूस, तो घासासाठी दुसऱ्यासमोर तोंड वळवून बसायचा.

दर शनिवारी प्रत्येकाने येत्या आठवड्यात काय करणार ते सांगायचं. काय, किती, दिवसातून किती वेळा. मग वहिनी विचारतात, "किती आणे?" म्हणजे हे जमेल याची सोळा आण्यांपैकी किती खात्री. बारा आण्यांच्या खाली उत्तर आलं की काम लहान करायचं. रोज अर्धा तास चालेन, आठ आणे. मग जिन्याखालच्या दत्ताच्या देवळापर्यंत जाऊन येईन, चौदा आणे. चालेल, लिहा. पुढे मला कळलं की स्टॅनफर्डमध्ये केट लोरिग यांनी सांधेदुखीच्या रोग्यांसाठी शिकवणी सुरू केली, तिचा गाभा नेमका हाच आहे. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, शिकवणारी माणसं स्वतः त्याच दुखण्यातली, आणि दर वेळी छोटा नेम, खात्री दहापैकी सात किंवा त्याहून जास्त असेल तरच. आमच्या समाजसेविका बाईंनी ते वाचलं होतं. आणे मात्र वहिनींचे.

आपलं दुखणं आपण सांभाळायचं, हे ऐकायला किती एकाकी वाटतं. इस्पितळ हात झटकतंय असंही वाटतं, आणि काही ठिकाणी ते तसंच असतं. पण सांभाळणं ही शिकायची गोष्ट आहे, जशी लहान मूल सांभाळणं असते. पहिलटकरणीच्या हातात कुणी पुस्तिका देऊन मोकळं होत नाही. तिला आई असते, शेजारीण असते, न्हाऊमाखू घालणारी बाई असते, आणि अडलं की डॉक्टर असतो. या सगळ्यांची एकमेकांना खबर असते म्हणून ते मूल वाढतं.

२०२५ च्या जूनमध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो संपलेले ८८९ रुग्ण. व्यायाम करा, नीट खा असं सांगणारी माहिती सगळ्यांनाच दिली. निम्म्यांना त्याशिवाय तीन वर्षं एक शिकवणारं माणूस दिलं. ते त्यांच्यासोबत व्यायाम करायचं, विचारपूस करायचं, अडचण आली तर वाट काढून द्यायचं. पाच वर्षांनी आजार न उलटता जिवंत असलेले, नुसत्या माहितीवाल्यांत शेकडा ७३.९, आणि सोबतवाल्यांत शेकडा ८०.३. आठ वर्षांनी हयात असलेले अनुक्रमे शेकडा ८३.२ आणि ९०.३. मी ते आकडे वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले. लोक याला व्यायामाचा विजय म्हणतात आणि तो आहेच. मला त्यात ते शिकवणारं माणूस दिसतं.

इथे मला एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. लॉकडाऊन उठल्यावर फिजिओ ताईंची बदली झाली. त्यांच्या जागी चार महिने कुणी आलं नाही, इस्पितळाचा फोनही कमी झाला. आम्ही शनिवार सोडला नाही. पण जागा रिकामी राहत नाही, तिथे काहीतरी येऊन बसतंच. कुणी काढा आणला, कुणी मोबाईलवर आलेलं वाचून दाखवलं, साखर पूर्ण बंद करा म्हणजे गाठ उपाशी मरते. केमोने आधीच काटकुळ्या झालेल्या एका काकूंनी भातही सोडला. आणि आमच्यातल्या एका ताईंनी रोजची हार्मोनची गोळी थांबवली. हाडं फार दुखायची, आणि गटातच कुणीतरी म्हणालं होतं की एवढी वर्षं झाली, आता काय गरज आहे. आम्ही सगळे तिथेच सतरंजीवर बसलो होतो. कुणी अडवलं नाही. मीही नाही. दोन महिन्यांनी त्यांच्या तारखेला ते उघडकीला आलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, दुखणं कमी झालं, सुदैवाने पुढचं काही झालं नाही. पण त्या शनिवारची आठवण आली की अजून माझी मान खाली जाते.

म्हणून वस्तीच्या मायेचे नुसते गोडवे मी गाणार नाही. इस्पितळाचा हात सुटला की आमचं प्रेमच आम्हाला चुकीच्या वाटेला नेतं. आणि वस्तीचा हात नसला तर इस्पितळाचं ज्ञान पिशवीच्या तळाला घडी होऊन राहतं.

त्यानंतर वहिनी, काका आणि मी, तिघं समाजसेविका बाईंकडे गेलो. आम्ही उपकार मागायला गेलो नव्हतो. एकच मागणी होती: दुसऱ्या शनिवारची भांडुपची फेरी फिजिओच्या ड्युटीच्या तक्त्यावर लिहा. कुणाच्या चांगुलपणावर ठेवू नका, चांगली माणसं बदलून जातात. हे पटायला पाच महिने आणि चार अर्ज लागले. आता ते तक्त्यावर आहे. मंडळाने खोली आणि चहा लेखी दिला. औषधाबद्दल गटात सल्ला द्यायचा नाही, हा नियम झाला. प्रश्न चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा, डबा सोमवारी इस्पितळात जातो आणि शनिवारी उत्तरं येतात. पहिल्या आठवड्यात २३ चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतल्या एकीवर अक्षर न ओळखू येईल असं मुद्दाम वाकडं काढून लिहिलं होतं: नवऱ्याजवळ झोपलं तर त्याला लागण होते का. किती वर्षं हा प्रश्न कुणाच्या छातीवर बसला असेल. उत्तर आलं, नाही, अजिबात नाही. वहिनींनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, कुणाकडेही न बघता.

पेटीच्या झाकणाला आतून एक पान चिकटवलंय, मोठ्या मराठी अक्षरांत. हात किंवा पाय लाल, गरम आणि ताप: आजच या. नवी गाठ, न भरणारी जखम, थुंकीत किंवा शौचात रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रोज वाढणारं पाठीचं दुखणं: तारखेची वाट पाहू नका. अचानक पायांतली ताकद गेली, लघवीचा ताबा सुटला: रात्र असली तरी निघा. खाली इस्पितळाचा नंबर आणि एक ओळ, 'तारखेआधी आलात म्हणून परत पाठवणार नाही.' ती ओळ मी आग्रहाने घालून घेतली.

दोन वर्षांपूर्वी शेवंतीची वेणी करताना सुई लागून माझा हात पुन्हा लाल झाला. रात्री नऊला अंग कसकसलं, साडेनऊला मी रिक्षात होते. गोळ्या घेऊन त्याच रात्री घरी आले आणि गुरुवारी कामावर गेले.

काका आता १९ काड्यांवर आहेत. वडापाव अजून सबंध जात नाही. वडा मधोमध दाबून चपटा करून घेतात आणि एका कडेने खातात, तिखट लागतं म्हणून चटणीविना. कोरड्या तोंडासाठी खिशात पाण्याची लहान बाटली असते. नव्याने आलेल्या तोंडाच्या पेशंटला तेच शेजारी बसवून घेतात, स्वतःच्या काड्या दाखवतात आणि अस्पष्ट उच्चारात सांगतात, "हळू. घाई नको. मागे आली तरी परत पुढे जाते." त्यांचं बोलणं नव्या माणसाला पहिल्यांदा नीट कळत नाही, पण तो मान हलवतो.

श्रावण लागला की मंडळाला खोली लागते, मखराचं काम सुरू होतं. दीड-दोन महिने आमचा शनिवार वहिनींच्या घरी भरतो, दोन गल्ल्या पलीकडे, पहिल्या मजल्यावर. परवा पेटी हलवली. टेप, काड्या, वह्या, चिठ्ठ्यांचा डबा, बँडेजचे गुंडाळे, एका मास्तरांच्या शौचासाठी पोटावर लावायच्या पिशव्यांचा साठा, सगळं त्यात असल्याने ती चांगलीच जड आहे. मंडळाची मुलं उचलायला पुढे आली तर वहिनी म्हणाल्या, "राहू दे रे." त्यांनी एका बाजूची कडी धरली, मी बाही मनगटापर्यंत नीट ओढली आणि दुसरी कडी डाव्या हाताने धरली. काका पुढे चालत होते, हॉर्न वाजवल्यासारखा हात करून गल्लीतल्या स्कूटर बाजूला करत. जिन्याशी आम्ही पेटी टेकवली, दम घेतला. "किती आणे?" वहिनींनी विचारलं. मी वर बघितलं, चौदा पायऱ्या होत्या. "तेरा," म्हटलं, आणि पेटी उचलली.